शेकाट्याच्या पायातला वाळा

जयवंत राऊळ निवृत्त झाले तेव्हा घाटकोपरच्या चंद्रिका फोटो स्टुडिओच्या मालकांनी त्यांना शाल दिली, नारळ दिला आणि वर एक अडगळ दिली. अडगळ म्हणजे स्टुडिओतला जुना हाफ प्लेट कॅमेरा. हातभर लांबीची लाकडी पेटी, चामड्याचा भाता, पितळी कडेची लेन्स, तीन पायांचा भक्कम स्टँड आणि डोक्यावर घ्यायचं काळं फडकं. सन चौऱ्याऐंशी होतं. गिऱ्हाइकाला रंगीत फोटो हवा होता, तोही संध्याकाळपर्यंत, आणि या पेटीत एका वेळी एकच फिल्म बसायची. मालकांना ती टाकवत नव्हती आणि ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी ती सत्काराच्या नावाखाली राऊळांच्या गळ्यात मारली. राऊळ मात्र असे हरखले की घरी येताना शाल टॅक्सीत विसरले.

घर म्हणजे भटवाडीतल्या दोन खोल्या. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली होती, तरी दोन खोल्या त्या दोनच. नलिनीबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, हिला निजवणार कुठे, तुमच्या आणि माझ्या मध्ये का.

सुटका केली पॉल परेराने. पॉल भांडुपच्या गावठाणातला. तीस वर्षं एका बेकरीची गाडी चालवून त्याने घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत पाव पोचवले होते, आणि स्टुडिओशेजारच्या इराण्याकडे रोज सकाळी थांबता थांबता त्याची राऊळांशी दोस्ती झाली होती. बेकरीने नवा टेम्पो घेतला तेव्हा जुनी मेटाडोर पॉललाच देऊन टाकली. त्याची बायको एमिलिया जाऊन दोन वर्षं झाली होती, घरात त्याला बसवत नव्हतं. तो म्हणाला, "तुझी पेटी माझ्या गाडीत टाक रे. गाडीला पण बरं वाटेल, मला पण."

त्या गाडीला मागे खिडक्या नव्हत्या, फक्त एका अंगाला पाव द्यायची झडप होती. झडप उघडली की कॅमेऱ्याची लेन्स तिच्यात नेमकी बसायची. पॉलने पावाच्या ट्रेच्या फळ्या काढून दोन बाक केले, त्यांवर गाद्या टाकल्या, मधे जुन्या लुगड्याचा पडदा लावला. स्टो, पाण्याचा कॅन, डाळ-तांदळाचे डबे. स्वतः तो पुढच्या सीटवर पाय दुमडून झोपायचा. शुक्रवारी दुपारी बिऱ्हाड निघायचं ते सोमवारी परतायचं. भटवाडीतले लोक म्हणाले, राऊळांना म्हातारपणी भटकायचे डोहाळे लागले.

खरं तर लोकांचं फारसं चुकलं नव्हतं. काय ते दिवस होते! माहुलच्या खाडीवर ओहोटी लागली की एका बाजूला रिफायनरीच्या चिमण्या आणि दुसऱ्या बाजूला चिखलात पसरलेले हजारो तुतवार. मानखुर्दच्या पुढे वस्ती संपायची आणि बगळे सुरू व्हायचे. कांदिवलीच्या पलीकडे चारकोपच्या खाजणात खंड्या बसायचा, तो रोज त्याच खांबावर. आणि सगळ्यात लाडकी जागा म्हणजे मुलुंडची मिठागरं. पाण्याचे चौकोनी वाफे, मधे मातीचे बांध, बांधावर मिठाचे ढीग आणि गाडीपासून दहा-पंधरा पावलांवर पक्षी. पायी माणूस दिसला की ते उडायचे, गाडीला मात्र बिलकूल घाबरायचे नाहीत. गाडीतून पावाचा वास कधी गेलाच नाही. पहिले दोन महिने तर कावळे झडपेपाशी येऊन आशेने बसायचे, आणि पॉल त्यांना सांगायचा की धंदा बंद झाला.

आता राऊळांचा स्टुडिओतला धंदा काय होता ते सांगायला हवं. माणसांना वाटायचं ते फोटोग्राफर. ते फोटोग्राफर नव्हते. ते रिटचिंग करायचे. फोटो दुसऱ्याने काढायचा आणि राऊळांनी त्याची निगेटिव्ह उतरत्या टेबलावर ठेवून खालच्या आरशाच्या उजेडात साफ करायची. पेन्सिलीने सुरकुत्या भरायच्या, पात्यासारख्या बारीक चाकूने नको ते खरवडून काढायचं. देवीचे व्रण, चामखीळ, डोळ्यांखालची काळजी, सगळं. तेहतीस वर्षांत घाटकोपरातल्या किती नवऱ्या मुली त्यांच्या हाताखालून गोऱ्यागोमट्या होऊन गेल्या याचा हिशेब नव्हता. हात इतका बसला होता की नजर पडायच्या आधी चाकू चालायचा. पक्ष्यांचेच फोटो का, असं कुणी विचारलं की ते म्हणायचे, "त्यांच्या तोंडावर साफ करण्यासारखं काही नसतं. माझ्या हाताला सुट्टी."

सुट्टी म्हणे. हात असा सुट्टी घेत नसतो.

नलिनीबाईंची आणि त्यांची गाठही या हातानेच घालून दिली होती. सन त्रेपन्न. परळच्या गिरणीतले एक जॉबर, म्हणजे मुकादम, आपल्या मुलीला घेऊन स्टुडिओत आले होते, स्थळांना पाठवायचा फोटो काढायला. लहानपणी गावी पेजेचं मडकं कलंडून मुलीचा डावा गाल कानापासून हनुवटीपर्यंत भाजला होता. राऊळांना कुणी काही सांगितलं नव्हतं, त्यांनी कुणाला विचारलंही नाही. निगेटिव्ह समोर आली, डाग दिसला, काढून टाकला. फोटो बघून गिरगावचं एक चांगलं स्थळ खूश होऊन आलं. मुलगी पोह्यांची बशी घेऊन बाहेर आली तेव्हा मुलाच्या काकांनी खिशातून फोटो काढला, चष्मा पुसून एकदा फोटोकडे आणि एकदा मुलीकडे पाहिलं, आणि आमची फसवणूक झाली म्हणून सगळे उठले. पोह्यांना कुणी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी जॉबरांनी तो फोटो मालकांच्या टेबलावर आपटला. मालकांनी चोवीस वर्षांच्या राऊळांना माफी मागायला घरी पाठवलं. राऊळ गेले, माफी मागितली, मान खाली घालून चहा प्याले. पुढच्या रविवारी परत गेले. चौथ्या रविवारी मुलीच्या वडिलांनी विचारलं की माफी अजून किती मागायची राहिलीय. मार्गशीर्षात लग्न झालं. तोच साफ केलेला फोटो घरात भिंतीवर लागला, आणि त्याच्याखाली नलिनीबाई तेहतीस वर्षं पदर डाव्या गालावर ओढून वावरल्या. बाहेर चार माणसांत बसायची वेळ आली की तो पदर दोन बोटांत धरलेलाच असायचा.

फक्त गाडीत तो पदर सुटायचा. खाडीवर कोण बघणार होतं? पॉलने त्याच्या बोटीवरच्या भावाची दुर्बीण आणून दिली होती आणि नलिनीबाईंची नजर घारीची निघाली. शिक्षण सातवीपर्यंत, पण दोन वर्षांत दोनशेपानी वही भरत आली होती. तारीख, जागा, भरती की ओहोटी, पक्षी कोणता, किती, काय करत होता. राऊळ काळ्या फडक्याखाली असायचे, त्या बाहेरून सांगायच्या आणि राऊळ आतून "हं" म्हणायचे. त्या "हं"चा अर्थ ऐकलं असा होत नाही, हे कुठल्याही बायकोला सांगावं लागत नाही.

शहाऐंशीच्या फेब्रुवारीतल्या एका सकाळी मुलुंडच्या मिठागरात एक शेकाट्या गाडीच्या झडपेसमोर येऊन उभा राहिला. पांढरं अंग, काळे पंख आणि गुलाबी काटक्यांसारखे लांबच लांब पाय. वारा नव्हता, पाणी स्तब्ध होतं. राऊळांनी फडक्याखाली शिरून कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर त्याला नीट आणला, उलटा, डोकं खाली पाय वर. तेवढ्यात बाहेरून नलिनीबाई हळूच म्हणाल्या, "अहो, त्याच्या पायात वाळा आहे." राऊळ म्हणाले, "हं." मग फिल्म सरकवली आणि रबरी फुगा दाबला. शेकाट्या उडाला. त्या दिवशीची ती शेवटची फिल्म होती.

तसा फोटो त्यांच्या हातून कधी निघाला नव्हता. मुलुंडला पक्षिमित्रांचं एक मंडळ होतं, राऊळ नवराबायको त्याचे सभासद होते आणि मार्चमध्ये मंडळाचं प्रदर्शन होतं. राऊळांनी ठरवलं, हा फोटो नलिनीला एकदम तिथंच भिंतीवर दाखवायचा. जुन्या स्टुडिओत जाऊन त्यांनी तो मोठा केला, पुठ्ठ्यात बांधला आणि मंडळाच्या चिटणिसांकडे परस्पर नेऊन दिला.

मंडळाची सभा एका शाळेच्या वर्गात भरायची, प्रदर्शनही तिथल्याच भिंतींवर होतं. चिटणीस श्यामसुंदर कारखानीस हे पोस्टातून निवृत्त झालेले, नियमाला पक्के गृहस्थ. शेकाट्याला पहिलं बक्षीस मिळालं. राऊळांना ढाल दिली, टाळ्या झाल्या, पॉलने मागच्या बाकावरून शिट्टी घातली. मग महिन्याच्या नोंदी वाचायची वेळ आली. आणि दोन वर्षांत सभेत तोंड न उघडलेल्या नलिनीबाई वही घेऊन उभ्या राहिल्या. एका हातात वही, दुसऱ्या हातात पदर. त्यांनी वाचलं, "नऊ फेब्रुवारी, मुलुंड मिठागर, सकाळी साडेआठ, शेकाट्या एक. डाव्या पायात धातूचा वाळा."

वर्गात कुजबुज झाली. कारखानीस खुर्चीतून उठले. वाळा म्हणजे कुणीतरी, कुठल्यातरी दूरच्या पाणथळीवर तो पक्षी धरून, त्याच्या पायात खुणेचं कडं घालून सोडला होता. आपल्या मिठागरात असा पक्षी दिसल्याची मंडळाच्या नोंदवहीत एकही नोंद नव्हती. ते म्हणाले, वहिनी, हा तोच तर पक्षी, फोटो इथंच आहे. त्यांनी खिशातून भिंग काढलं. सगळे फोटोभोवती जमले.

राऊळही उठले आणि दोन पावलांवर थबकले. त्यांना आठवलं. गेल्या आठवड्यात निगेटिव्ह टेबलावर ठेवली होती, शेकाट्याच्या पायावर बारीकसा काळा ठिपका होता. निगेटिव्हवर काळा, म्हणजे कागदावर पांढरा येणार. पाण्यातली घाण असेल. त्यांनी तसा विचारसुद्धा केला नव्हता, हातानेच केला होता. चाकूचे चार हलके हात. पाय स्वच्छ झाला होता.

कारखानीसांनी भिंग खाली ठेवलं. त्यांचा सूर सभ्यच होता. "वहिनी, पाय तर कोरे आहेत. पाण्याची चमक असेल ती. नवशिक्यांचं होतं असं." कुणीतरी समजुतीचं हसलं. नलिनीबाईंनी राऊळांकडे पाहिलं. आत्ता सांगावं, एवढंच करायचं होतं. पण ढाल बगलेत होती, मंडळातले दोन बँकवाले साहेब नुकतेच पाठ थोपटून गेले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा लोक राऊळांना फोटोग्राफर म्हणाले होते. राऊळ गप्प राहिले. नलिनीबाईंनी वही मिटली आणि जागेवर बसल्या.

त्यानंतर तीन शुक्रवार गाडी निघाली, नलिनीबाईही निघाल्या, पण वही घरीच राहिली. दुर्बीण पिशवीतून बाहेर आली नाही. स्टोवर भात शिजायचा, चहा व्हायचा, आणि खाडीवर कुणी नसतानाही पदर गालावरच असायचा.  पॉलला चाकूचं काहीच ठाऊक नव्हतं, तरी एकदा चाक बदलता बदलता तो म्हणाला, "एमिलिया बोलायची नाही तेव्हा समजायचं, चूक माझीच. तुझं पण तसंच दिसतंय."

चौथ्या शुक्रवारी माहुलला, ओहोटीच्या वेळी, राऊळांनी सांगून टाकलं. वाळा होता, मी खरवडून काढला, सभेत मला कळलं आणि मी गप्प बसलो. एका दमात सांगितलं आणि स्टोकडे बघत बसले.

नलिनीबाईंनी स्टो बंद केला. मग म्हणाल्या, "परत तेच केलंत?"

राऊळांना वाटलं त्या रडतील. त्या रडल्या नाहीत, चिडल्या. तेहतीस वर्षांत राऊळांनी त्यांना इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, पहिल्या वेळी तुम्ही मला ओळखत नव्हतात, म्हणून मी काही बोलले नाही. या वेळी मी शेजारी उभी राहून सांगितलं होतं. आणि मग एवढंच म्हणाल्या, "मला चार माणसांत खोटं पाडलंत. तर चार माणसांतच सांगा."

एप्रिलच्या सभेत राऊळांनी ढाल टेबलावर ठेवली आणि सांगितलं. सांगताना काही गाळलं नाही.  कारखानीसांनी निगेटिव्ह मागितली, खिडकीशी धरून भिंगातून पाहिली. खरवडल्याची खूण होती, हे त्यांनी मान्य केलं. पण तिथे आधी काय होतं, वाळा की धुळीचा कण, हे या खुणेवरून कसं सांगणार? ते म्हणाले, "राऊळ, बायकोची बाजू घेताय, मला त्याचा आदर आहे. पण नोंदवही आदरावर चालत नाही."

राऊळांना हे अपेक्षित होतं. त्यांनी पाकिटातून दोन फोटो काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींत तीच मुलगी, तीच साडी, तेच हात मांडीवर. एक भिंतीवरचा. दुसरा साफ करण्यापूर्वीचा, स्टुडिओत पडताळ्यासाठी काढायचे तो कच्चा फोटो, गालावरच्या डागासकट. तो राऊळांनी त्रेपन्न सालापासून कुणाला दाखवला नव्हता. नलिनीबाईंनासुद्धा नाही. राऊळ म्हणाले, "माझा हात कण काढत नाही, साहेब. जे खरोखर असतं ते काढतो. हा बघा त्याचा पुरावा."

कारखानीसांनी दोन्ही फोटोंवरून भिंग फिरवलं. कच्चा फोटो तेहतीस वर्षांत पिवळा पडला होता, कडा फुटल्या होत्या. ते संकोचून म्हणाले, हा डाग कागदाचाही असू शकेल. जुन्या फोटोंना ओल लागते.

तेव्हा नलिनीबाई उठल्या. पुढे आल्या, टेबलापाशी उभ्या राहिल्या आणि पदर सोडला. तो सावकाश खांद्यावरून खाली घेतला, कमरेला खोचला आणि डावा गाल खिडकीच्या उजेडाकडे केला. वर्गात पंचवीसेक माणसं होती. चेहरा तापला होता, पण मान वर होती.

"बघा," त्या म्हणाल्या. "भिंग लागणार नाही."

कारखानीसांनी पाहिलं. मग नजर खाली घेतली, खुर्चीत बसले आणि नोंदवही पुढे ओढली. त्यांनी पेनचं टोपण काढलं. ते म्हणाले की फोटो नसल्यामुळे मुख्य यादीत ही नोंद घेता येणार नाही, नियम तो नियम. पण शेऱ्याच्या रकान्यात घेता येईल, आणि त्यांनी लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "शेकाट्या एक, डाव्या पायात वाळा. नलिनी राऊळ यांच्या शब्दावर." मग ते उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले की मागच्या सभेत मी नवशिक्या म्हणालो, ते मागे घेतो. नलिनीबाईंनी मान डोलावली. ढाल टेबलावरच राहिली, ती कुणी परत घ्या म्हटलं नाही आणि राऊळांनाही तिची आठवण झाली नाही.

तिथून पॉलने गाडी सरळ मिठागराकडे घेतली. ऊन तिरपं झालं होतं. शेकाटे बहुतेक निघून गेले होते, दोन-तीन उरले होते. नलिनीबाई झडपेशी बसल्या होत्या. पदर कमरेलाच होता आणि वाऱ्याने केस गालावर येत होते. त्यांच्या हातात तो पिवळा फोटो होता.

"हा इतकी वर्षं कुठे होता?"

राऊळ म्हणाले, रिटचिंगच्या पेटीत, तळाला.

"भिंतीवर हा का नाही लावलात?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"विचारलंत कधी?"

राऊळांनी कधीच विचारलं नव्हतं. ना त्या मुलीला, ना बायकोला. तेहतीस वर्षं आपण हिला जपतोय असं त्यांना वाटत होतं, आणि हा कच्चा फोटो मात्र आपण एकट्यानेच काढून काढून बघत होतो. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

मग ते म्हणाले, एक फिल्म शिल्लक आहे, काढू का तुझा? खाली बांधावर उभी राहा, मी झडपेतून काढतो.

नलिनीबाई उठल्या, गाडीतून उतरल्या, आणि दोन पावलं जाऊन मागे वळल्या.

"काढा," त्या म्हणाल्या. "पण आधी तो चाकू पॉलकडे द्या."

राऊळांनी बाकाखालची रिटचिंगची पेटी उघडली, चाकू काढला आणि पडद्याच्या फटीतून पुढे दिला. पॉलने तो चष्म्याच्या डबीत टाकून डबी बंद केली. मग राऊळ काळ्या फडक्याखाली शिरले. काचेवर ती उलटी दिसत होती, डाव्या गालावर सगळं ऊन. बाहेरून ती काहीतरी म्हणाली. राऊळ "हं" म्हणाले नाहीत. त्यांनी फडकं बाजूला केलं, डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "काय म्हणालीस?"